बाळंतिणीचं मन



आज आम्ही तुमच्याशी बाळंतपणाबद्दल बोलणार आहोत. हे ऐकून पुरुष मंडळींची चुळबुळ सुरू झाली. "हा बायकांचा विषय. इथं आमचं काय काम?" असं काहींच्या मनात आलं असेल. त्यांना आमची विनंती आहे, की बसा. तुमचंही इथं काम आहे. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायांचं तर सगळ्यांत जास्त आहे.

आपल्याकडं गरोदर बाईचं कौतुक होतं. ही आपली चांगली रीत आहे. पहिलटकरणीला माहेरी नेतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. तिला हिरवी साडी नेसवतात, फुलांनी सजवतात, ओटी भरतात. आयाबाया तिला विचारतात, "काय खावंसं वाटतं ग तुला?" ती चिंच म्हणाली, तर चिंच आणतात. कैरी म्हणाली, तर कैरी शोधतात. आपल्या जुन्या वैद्यांनीही हे सांगून ठेवलं आहे. सुश्रुत संहिता नावाच्या जुन्या ग्रंथात गरोदर बाईला 'दोन हृदयांची' म्हटलं आहे. एक हृदय तिचं, एक पोटातल्या बाळाचं. म्हणून तिची इच्छा मारू नये, असं त्या ग्रंथाचं सांगणं आहे.

बाळंत झाल्यावरही आपण पुष्कळ करतो. अंगाला तेल लावतो. अळिवाची खीर देतो, डिंकाचे लाडू देतो. पाचवी पुजतो. बाराव्या दिवशी बारसं करतो.

आता आम्ही एक विचारतो. डोहाळजेवणाच्या दिवशी आपण तिला "काय हवं?" म्हणून विचारलं. बाळंतपणानंतर तिला कुणी विचारलं का, "बाई ग, तुझ्या मनाला कसं वाटतंय?"

नाही विचारलं. बाळ किती किलोचं ते विचारलं. मुलगा की मुलगी ते विचारलं. दूध येतं का ते विचारलं. तिच्या मनाचं विचारायचं राहून गेलं.

आजचं आमचं बोलणं या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

एका घरातली हकीकत

आम्ही गावोगाव फिरतो. एका गावात पाहिलेली हकीकत सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचंही सांगत नाही. पण घरच्यांनीच आम्हांला म्हटलं, "सांगा. दुसऱ्या कुणाला उपयोग होईल."

घर शेतकऱ्याचं. चार एकर कोरडवाहू जमीन. घरात सासू, मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. सून दुसऱ्यांदा बाळंत झाली. दवाखान्यात सुखरूप सुटका झाली. दुसरीही मुलगीच झाली. सासू तोंडानं काही बोलली नाही. पण थोरलीच्या वेळी गावभर पेढे वाटले होते, या वेळी वाटले नाहीत. नवरा दवाखान्यातून आला, तो थेट शेतावर गेला.

सून पहिले चार-पाच दिवस रडत होती. शेजारणी म्हणाल्या, "ओली बाळंतीण आहे. रडायचीच." पण दोन आठवडे झाले, तरी रडणं थांबेना. मग एक दिवस रडणं थांबलं आणि ती गप्पच झाली. बाळ झोपलं तरी तिला झोप येईना. ताट पुढं ठेवलं, तर दोन घास खाऊन बाजूला सारायची. बाळ रडलं, तर त्याच्याकडं नुसती पाहत बसायची. थोरली जवळ आली, तर तिला ढकलायची आणि मग आपणच रडायची.

सासू म्हणाली, "आम्ही नाही का बाळंत झालो? आठवड्यात भाकऱ्या थापत होतो. हे आताच्या पोरींचे नखरे." शेजारीण म्हणाली, "बाहेरचं काही लागलं असेल. अंगारा आणा." नवरा काहीच म्हणाला नाही. तो रात्री उशिरा यायचा आणि ओसरीवर निजायचा.

आशाताई बाळाला पाहायला येत होती. बाळाचं वजन करायची, ताप पाहायची, नाळ पाहायची. एकविसाव्या दिवशी ती आली. वजन केलं. वही मिटली. उठता उठता तिचं लक्ष सुनेच्या तोंडाकडं गेलं. ती पुन्हा खाली बसली. म्हणाली, "बाळ बरं आहे. तू कशी आहेस?"

सून बोलली नाही. आशाताईही उठली नाही. बऱ्याच वेळानं सून हळूच म्हणाली, "ताई, मला बाळाची माया येत नाही. मी वाईट आई आहे. मी नसले, तर या दोघींचं बरं होईल."

आशाताईच्या पोटात गोळा आला. पण "असलं वेडंवाकडं बोलू नये" असं म्हणून तिनं सुनेला गप्प केलं नाही. तिनं सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं, असं मनात येतं का ग?" सुनेनं मान हलवली. येतं.

मग आशाताईनं तीन गोष्टी केल्या. पहिली, सुनेला क्षणभरही एकटी सोडलं नाही. दुसरी, सासूला आत बोलावून सगळं सांगितलं. तिसरी, शेजारच्या पोराला शेतावर पिटाळून नवऱ्याला बोलावून घेतलं. त्याच दिवशी सगळे मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

पुढं काय झालं, ते शेवटी सांगू. आधी हा आजार काय आहे, ते समजून घेऊ.

रडू, उदासी आणि भ्रम

बाळंतपणानंतर मनाला तीन तऱ्हांचा त्रास होऊ शकतो. तिन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे.

पहिली तऱ्हा साधी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला उगाच रडू येतं. जरा हसते, जरा रडते. चिडचिड करते. अर्ध्याहून जास्त बाळंतिणींना हे होतं. पोटात बाळ असताना अंगात काही रस भरपूर असतात. त्यांना डॉक्टर हार्मोन म्हणतात. वार पडली, की हे रस एकदम कमी होतात. त्यात झोप नसते, अंग ठणकत असतं. म्हणून मन हलतं. दोन आठवड्यांत हे आपोआप थांबतं. याला औषध लागत नाही. विसावा लागतो आणि मायेचे दोन शब्द लागतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे उदासीचा आजार. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. हा दोन आठवड्यांनंतरही जात नाही. दिवसभर मन खिन्न राहतं. कशातच गोडी वाटत नाही. झोप येत नाही. जेवण जात नाही. अंगात बळ नसतं. "माझंच चुकलं, मी नालायक आहे" असं वाटतं. बाळाची माया येत नाही, किंवा बाळाची भीती वाटते. काही बाया उदास दिसत नाहीत, पण त्यांना सारखी धास्ती असते. बाळाचा श्वास चालू आहे ना, म्हणून त्या रात्रभर जागून पाहतात. काही जणी फक्त "डोकं दुखतं, अंग दुखतं" एवढंच सांगतात. हा आजार बाळंतपणानंतर वर्षभरात केव्हाही येऊ शकतो. पुष्कळदा तो गरोदरपणातच सुरू झालेला असतो.

हा आजार विरळा नाही. भारतात ठिकठिकाणी झालेल्या पाहण्या एकत्र करून २०१७ साली हिशेब मांडला गेला. तेव्हा १०० बाळंतिणींत सुमारे २२ जणींना हा त्रास असल्याचं दिसलं. म्हणजे पाचांत एक. आपल्या गावात वर्षाला ५० बाळंतपणं होत असतील, तर त्यांत दहाएक बाया अशा असतील. त्या तुम्हांला दिसल्या का? दिसल्या नसतील. त्या चुलीपुढं बसलेल्या असतात. धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसतात.

तिसरी तऱ्हा क्वचित होते. हजार बाळंतिणींत एकीला किंवा दोघींना. पण ती फार गंभीर असते. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एकाएकी सुरू होते. बाईची झोप पार उडते. ती असंबद्ध बडबडते. नसलेलं दिसतं, नसलेले आवाज ऐकू येतात. "हे बाळ माझं नाही," "बाळाला कुणीतरी मारणार आहे," असं म्हणते. अशा वेळी उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या. तोपर्यंत आई आणि बाळ दोघांजवळ जाणतं माणूस ठेवा. हा आजारही उपचारांनी बरा होतो.

यालाच लोक 'बाहेरची बाधा' म्हणतात आणि मांत्रिकाकडं नेतात. देवापुढं नारळ ठेवायचा असेल, तर ठेवा. त्याला आमची ना नाही. पण नारळ ठेवून दवाखान्यात जा. भूत काढायचं म्हणून बाईला मारणं, मिरच्यांची धुरी देणं, उपाशी ठेवणं हे पाप तर आहेच. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हाही आहे.

आजार कशानं होतो

एखादं शेत वाया जातं, तेव्हा आपण एकच कारण सांगतो का? बी हलकं होतं, पाऊस लांबला, वर कीड पडली. तसंच हे आहे. अंगातले रस कमी झाले, झोप मोडली, रक्त कमी आहे. कधी गळ्याजवळच्या थायरॉईड नावाच्या गाठीचं काम बिघडतं, त्यानंही असंच होतं. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. त्यावर गरिबीची काळजी, नवऱ्याची मारहाण, घरातले टोमणे, आणि मन मोकळं करायला कुणी नाही. आधीचं मूल गेलेलं असलं, किंवा आधी कधी हा आजार झालेला असला, तर जास्त जपावं लागतं.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायांची पाहणी झाली. ती २००२ साली छापून आली. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी १०० तल्या २३ जणींना उदासीचा आजार होता. त्यांतल्या बहुतेकींच्या मनाला गरोदरपणातच त्रास सुरू झाला होता. आणि कुठली घरं यात जास्त पोळली? जिथं गरिबी होती, जिथं नवरा मारत होता, आणि जिथं मुलगा हवा असताना मुलगी झाली होती.

आता मुलगा की मुलगी, हे कुणावर ठरतं? नीट ऐका. बाईच्या बीजात एकच जात असते. पुरुषाच्या बीजात दोन जाती असतात. त्यांतली एक आली तर मुलगी होते, दुसरी आली तर मुलगा होतो. कुठली येईल, ते पुरुषाच्याही हातात नसतं. मग दोष कुणाचा? कुणाचाच नाही. बाईचा तर मुळीच नाही. हे शास्त्र आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणं म्हणजे पाऊस पडला म्हणून शेताला शिव्या देणं.

बापाचंही मन असतं

आता पुरुष मंडळींनो, तुमची पाळी. बाप झालेल्या पुरुषालाही हा आजार होतो. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत दहा बापांत सुमारे एकाला तो दिसला आहे. पण पुरुष रडत नाही. पुरुषानं रडायचं नाही, असं आपण त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग त्याची उदासी वेगळ्या वाटेनं बाहेर पडते. तो चिडतो. घरी उशिरा येतो. बाटली जवळ करतो. बाळाला हात लावत नाही. लोक म्हणतात, "याला घरादाराची पर्वाच नाही." आत काय चाललंय, ते कुणाला कळत नाही. दवाखान्याचा खर्च, सोसायटीचं कर्ज, बायको बोलत नाही, रात्री झोप नाही. हे सगळं तो एकटाच वाहत असतो.

म्हणून आम्ही म्हणतो, की बाळ झालेल्या घरात दोघांनाही विचारा. आईला विचारा आणि बापालाही विचारा.

घरच्यांनी काय करावं

पहिलं काम विचारण्याचं. दोन प्रश्न पाठ करून ठेवा. "गेल्या महिन्याभरात तुझं मन सारखं खिन्न, निराश असतं का?" आणि "पूर्वी ज्यात गोडी वाटायची, त्यात आता वाटत नाही, असं होतं का?" दोन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर पुढं डॉक्टरांचा सल्ला घ्या. हे प्रश्न चारचौघांत विचारू नका. ती एकटी असताना, बाळाला न्हाऊ घालताना, तेल लावताना विचारा.

दुसरं काम ऐकण्याचं. तिनं सांगायला सुरुवात केली, की मध्ये बोलू नका. "आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. त्या वाक्यानं तिचं तोंड बंद होतं. "बाळाकडं बघून हस की जरा" असंही म्हणू नका. ताप आलेल्या माणसाला आपण "ताप सोड" म्हणतो का? नुसतं म्हणा, "तुला त्रास होतोय. तुझा दोष नाही. आपण मिळून बघू."

तिसरं काम झोपेचं. झोप हे या आजारातलं मोठं औषध आहे. बाळाला पाजून झालं, की बाळ दुसऱ्यानं घ्यावं. ढेकर काढणं, दुपटं बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, ही कामं बापाला आणि आजोबांनाही येतात. तेवढा वेळ बाळंतिणीला निजू द्यावं. दिवसाही बाळ झोपलं, की तिनं झोपावं. त्या वेळी भांडी राहिली तर राहू द्या. भांडी पळून जात नाहीत.

चौथं काम जेवणाचं. तिनं सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खायचं, ही रीत मोडा. आधी तिला वाढा.

पाचवं काम सोबतीचं. तिला रोज थोडं अंगणात, ओट्यावर बसू द्या. तिची आई, बहीण, मैत्रीण यांना येऊ द्या. माहेरी फोन करू द्या.

हे सगळं साधं वाटेल. यानं खरंच फरक पडतो का? पडतो. शेजारच्या पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत हे करून पाहिलं आहे. तिथं आपल्या आशाताईंसारख्याच गावच्या आरोग्यसेविका आहेत. काही गावांतल्या सेविकांना त्रास असलेल्या गरोदर बाईशी आणि बाळंतिणीशी कसं बोलावं, तिचं कसं ऐकावं, घरच्यांना कसं सामील करून घ्यावं, हे शिकवलं. दुसऱ्या गावांतल्या सेविका भेटीला तितक्याच वेळा गेल्या. पण त्यांना हे शिकवलेलं नव्हतं. बाळ सहा महिन्यांचं झालं, तेव्हा पाहिलं. दुसऱ्या गावांत १०० तल्या ५३ जणी अजून आजारी होत्या. शिकवलेल्या सेविकांच्या गावांत २३ च राहिल्या होत्या. हे २००८ साली छापून आलं. आणखी एक गंमत पाहा. त्या गावांतल्या बाळांना जुलाबही कमी झाले, आणि आईबाप दोघं बाळाशी जास्त खेळू लागले. गोव्यातही पुढं शेजारपाजारच्या साध्या बायांना असंच शिकवलं. त्या गरोदर बायांच्या घरी जाऊन बोलत. तिथंही सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं.

म्हणजे काय? आईचं मन सुधारलं, की बाळाचं अंगही सुधारतं.

औषधाची भीती नको

बोलण्यानं सगळ्यांचंच भागतं असं नाही. आजार जास्त असला, तर गोळ्या लागतात. लोकांना वाटतं, की या गोळ्यांची सवय लागते, किंवा अंगावरचं दूध तोडावं लागतं. उदासीवरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. आणि अंगावर पाजत असताना चालतील अशाही गोळ्या आहेत. म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा, "मी गरोदर आहे," किंवा "मी बाळाला पाजते." गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत गुण आला नाही, म्हणून सोडू नका. बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच, सांगतील तशा कमी करा.

आणखी एक भीती असते. "दवाखान्यात ठेवलं, तर बाळाचं काय?" २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यात लिहिलं आहे, की उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये. बंगळूरच्या निम्हान्स या मोठ्या सरकारी संस्थेत तर २००९ सालापासून आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा वेगळा विभाग आहे. याच २०१७ च्या कायद्यानं आणखी एक गोष्ट केली. कुणी जिवाचं बरंवाईट करायला गेलं, तर ते माणूस फार ताणाखाली होतं असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची. म्हणून पोलिसांच्या भीतीनं काही लपवू नका.

मदत कुठं मिळेल? आशाताईला सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. या सहा भेटी बाळाच्या आहेत, तशा तुमच्याही करून घ्या. गरोदर बाईची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट होते. तिथं पायाच्या सुजेबरोबर मनाचंही सांगा. जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर भेटतात. आणि टेलिमानस नावाची सरकारी फोनसेवा २०२२ साली सुरू झाली आहे. तिचा नंबर १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येतं. बाईनं करावा, पुरुषानं करावा, सासूनंही करावा. जिवाला धोका दिसला, तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

पुढं काय झालं

आता त्या घराची राहिलेली हकीकत.

जिल्हा रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी सुनेला तपासलं. गोळ्या दिल्या. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आणि तुम्ही कसे आहात?" तो म्हणाला, "मला काय झालंय?" आणि त्याचा आवाज अडकला. दोन महिने तोही नीट झोपला नव्हता. कर्ज फेडायचं होतं, आणि दोन पोरींचं कसं होणार हाच घोर होता. बायको गप्प का, हे त्याला कळत होतं. पण विचारलं आणि ती रडली, तर आपण काय करायचं, म्हणून तो शेतावर जाऊन बसत होता.

घरी आल्यावर रात्री दूध पाजून झालं, की बाळ नवऱ्याकडं जाऊ लागलं. पहिल्या रात्री त्याला दुपटं गुंडाळता येईना. थोरल्या लेकीनं त्याला दाखवलं. पंधरा दिवस काहीच फरक दिसला नाही. सासू म्हणाली, "पैसे वाया गेले." आशाताई म्हणाली, "मावशी, थांबा जरा." तिसऱ्या आठवड्यात सून एकदा पोटभर जेवली. मग झोपू लागली. महिन्या-दीड महिन्यानं एका सकाळी ती बाळाला न्हाऊ घालताना गुणगुणत होती. सासूनं ते ऐकलं आणि ती चुलीपुढं तशीच बसून राहिली.

आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा सासूनं आम्हांला सांगितलं, "माझ्या तिसऱ्या बाळंतपणात मी सहा महिने अशीच होते. गोठ्यात जाऊन रडायची. मला वाटायचं, असंच असतं. मला कुणी विचारलं नाही. म्हणून मलाही हिला विचारायचं सुचलं नाही."

मंडळी, त्या माउलीचं हे बोलणं आम्ही विसरलो नाही. तुम्हीही विसरू नका. आज इथं बसलेल्यांत अशा किती आया असतील, की ज्यांना तेव्हा कुणी विचारलं नाही! त्यांचे ते दिवस परत येणार नाहीत. पण त्यांच्या सुनांना, लेकींना आज विचारता येईल.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आज घरी गेलात, की एक काम करा. दाराजवळच्या भिंतीवर खडूनं किंवा कोळशानं मोठे अंक काढा: १४४१६. पोरांनी विचारलं, हे काय, तर सांगा. आणि गल्लीत कुणाच्या घरी पाळणा हलत असेल, तर बाळ बघायला जाल, तेव्हा आधी बाळाकडं वळू नका. बाळंतिणीजवळ बसा. तिला विचारा, "तू कशी आहेस?"

आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.